टॅबलेटला लावलेलं कुलूप

मंडळाच्या गणेशोत्सवातल्या नाटकाची तालीम ज्या हॉलमध्ये चालते, त्याच्या मागच्या भिंतीला विजेची चार-पाच सॉकेट्स आहेत. तालमीला आलेल्या मोठ्यांची मुलं नेमकी त्याच भिंतीला टेकून बसलेली असतात. कारण उघड आहे, तिथं टॅबलेट चार्ज करत करत बघता येतो. गेल्या वर्षी चहाच्या सुट्टीत एक वहिनी माझ्याजवळ आल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही कॉम्प्युटरमधले डॉक्टर ना? मग आमच्या धाकट्याच्या टॅबलेटला जरा नीट कुलूप लावून द्या. ह्यांनी लावलं होतं, ते त्यानं दोन दिवसांत उघडलं."

इंजिनिअरिंगमधला डॉक्टर असल्यामुळे मला ताप-खोकल्याचं कोणी विचारत नाही, पण फोन आजारी पडला की हमखास विचारतात. मी मोठ्या रुबाबात होकार दिला. त्याच आठवड्यात आमच्या चिरंजीवांनी माझं स्वतःचं कुलूप उघडलं होतं, हे मात्र वहिनींना सांगितलं नाही. आणि माझा पोटापाण्याचा उद्योग काय, तर कोणत्या माणसाला कोणत्या फाइलला हात लावता येईल आणि कोणाला नाही हे ठरवणारं सॉफ्टवेअर लिहिणं! नंतर नाटकाची गडबड सुरू झाली आणि वहिनींचा टॅबलेट राहूनच गेला. हा लेख म्हणजे त्यांना द्यायचं राहिलेलं उत्तर आहे. ते थोडं लांबलं आहे, पण पुरवणीच्या संपादकांनी जागाही तशीच दिली आहे.

आधी आमच्या घरची हकिगत. चिरंजीव अकरा वर्षांचे. त्याच्या आयपॅडवर मी रोजचा एक तास ठरवून दिला होता आणि चार आकडी पासकोड टाकला होता. चार आकड्यांच्या दहा हजार शक्यता होतात, आणि चुकीचा आकडा चार-सहा वेळा टाकला की यंत्र थांबायला लावतं, प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त. म्हणजे एकेक आकडा घालून बघणं व्यवहारात अशक्य. पोरानं तसलं काही केलंच नाही. रात्री जेवणानंतर तो "बाबा, पंधरा मिनिटं वाढवून द्या ना" म्हणायचा, मी स्वयंपाकघरात उभा राहून पासकोड टाकायचो, आणि माझ्या मागच्या खिडकीच्या काचेत माझं बोट कुठं कुठं जातंय ते त्याला स्वच्छ दिसायचं. बाहेर अंधार आणि आत दिवा, म्हणजे काचेचा आरसाच. तीन दिवसांत आकडा पाठ. माझ्या क्षेत्रात या प्रकाराला एक भारदस्त नाव आहे. आपण मराठीत त्याला डोकावणं म्हणतो.

मी चिडलो खरा, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर वाटलं की आपण हे कुलूप नक्की कुठं लावलंय आणि ते कशानं उघडतं, याचा पाच मिनिटं तरी नीट विचार केला होता का? ऑफिसात असं कोणी केलं असतं तर मीच त्याला फैलावर घेतलं असतं.

मुलांच्या फोनला किंवा टॅबलेटला लगाम घालायच्या जागा मुख्यतः तीन. एक घराच्या दाराशी, म्हणजे वायफायच्या राउटरवर. दुसरी यंत्राच्या पोटात, म्हणजे आयफोन किंवा अँड्रॉइडच्या मूळ व्यवस्थेत. तिसरी प्रत्येक ॲपच्या आत, म्हणजे यूट्यूब, रोब्लॉक्स वगैरेंच्या स्वतःच्या सेटिंग्जमध्ये. पैकी एकीला जे दिसतं ते दुसरीला दिसत नाही. बहुतेक घरांतला गोंधळ इथंच सुरू होतो, कारण आपण एका जागी कुलूप लावतो आणि तिन्ही दारं बंद झाली असं समजून झोपतो.

राउटरचं घ्या. पूर्वी आलेली-गेलेली पत्रं पोस्टकार्डासारखी उघडी असत आणि मधला कोणीही वाचू शकत असे. आता जवळजवळ सगळी वाहतूक कूटबद्ध असते, म्हणजे बंद पाकिटातून जाते. राउटर हा आपला पोस्टमन. त्याला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतला मजकूर दिसत नाही. पत्त्यावर 'यूट्यूब' एवढंच असतं. आत गणिताचा धडा आहे की तीन तास कोणीतरी दुसऱ्याचा खेळ बघत बसलंय, हे राउटरला कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा यूट्यूब पूर्ण बंद किंवा पूर्ण चालू, फार तर त्याचा सोवळा अवतार चालू, एवढंच त्याच्या हातात.

पण पत्त्यावरून काही गोष्टी चांगल्या अडवता येतात. कोणत्याही संकेतस्थळावर जाण्याआधी यंत्र एका निर्देशिकेला विचारतं, की बाबा, या नावाचं घर कुठल्या नंबरावर आहे? ही निर्देशिका पुरवणारी कंपनी आपल्याला निवडता येते. क्लाउडफ्लेअर या कंपनीची २०२० पासून एक फुकट कुटुंब-निर्देशिका आहे, तिचा पत्ता १.१.१.३. तिला अश्लील आणि घातक ठिकाणांचा पत्ता विचारला तर ती देतच नाही. राउटरच्या सेटिंगमध्ये हे चार आकडे घालायला पाच मिनिटं लागतात, आणि लहान मुलं ज्या गोष्टींवर चुकून जाऊन आदळतात त्यांपैकी बऱ्याच तिथंच थांबतात. वहिनी, ही पहिली पाच मिनिटं जरूर खर्च करा.

चुकून आदळणारं मूल आणि मुद्दाम शोधणारं मूल यांत मात्र फरक आहे. मुद्दाम शोधणाऱ्याला या भिंतीत दारं भरपूर. निर्देशिकेला विचारलेला प्रश्नसुद्धा बंद पाकिटातून पाठवायची पद्धत २०१८ मध्ये प्रमाणित झाली. ब्राउझरमध्ये ती चालू केली की राउटरने नेमलेली निर्देशिका बाजूला राहते. फुकटातलं व्हीपीएन घातलं की सगळी पाकिटं एकाच मोठ्या पाकिटात घालून जातात. आणि आमच्या चिरंजीवांनी शोधलेलं तिसरं दार तर मला मनापासून आवडलं. राउटर प्रत्येक यंत्राला एका लांबलचक क्रमांकावरून ओळखतो. दुकानांतल्या, मॉलमधल्या वायफायने माणसांचा माग काढू नये म्हणून २०२० च्या आयओएस १४ पासून ॲपलची यंत्रं हा क्रमांक बदलून सांगू शकतात. चांगलीच सोय आहे. पण मी राउटरला सांगून ठेवलं होतं, 'या क्रमांकाचा आयपॅड रात्री नऊनंतर बंद.' पोरानं सेटिंगमधलं एक बटण सरकवलं, आयपॅड नव्या क्रमांकानं आला, आणि राउटरला वाटलं घरात पाहुणे आलेत. अतिथी देवो भव! इलाज साधा होता. राउटरला उलट सांगायचं की अनोळखी यंत्र आलं तर मला विचारल्याशिवाय आत घेऊ नकोस. पण हा इलाज सुचायला मला दोन आठवडे लागले, कारण पोरगं कसं काय जागं राहतंय हेच कळत नव्हतं.

शब्दांवरून गाळणी लावण्याचा प्रकारही जुना आहे आणि त्याच्या गमतीही जुन्या आहेत. १९९६ मध्ये इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प नावाच्या गावच्या लोकांना अमेरिका ऑनलाइनवर खातं उघडता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक अर्वाच्य शब्द दडलेला आहे. आपल्याकडच्या दीक्षितांना हे नव्यानं सांगायला नको. ज्या दीक्षितांनी इंग्रजीत आडनाव अक्षरशः लिहिलं, त्यांची शेवटची चार अक्षरं गाळणीत अडकतात; एक्स वापरणारे दीक्षित सहीसलामत सुटतात. उलट, शुद्ध मराठीत किंवा इंग्रजी लिपीतल्या मराठीत कोणी कितीही अचकट-विचकट लिहिलं तरी इंग्रजीसाठी बनवलेल्या गाळणीला ते स्तोत्रासारखं वाटतं.

आता दुसरी जागा, यंत्राच्या पोटातली. गूगलनं फॅमिली लिंक २०१७ मध्ये आणलं आणि ॲपलनं स्क्रीन टाइम २०१८ मध्ये. मुलाचं खातं त्याच्या खऱ्या वयानिशी उघडायचं, ते पालकांच्या खात्याला जोडायचं, आणि मग कोणतं ॲप, किती वेळ, कोणत्या वेळात, किती पैसे हे आपल्या फोनवरून ठरवायचं, अशी ही व्यवस्था. ही जागा सर्वांत भक्कम, कारण मूल घराबाहेर गेलं, मोबाइल डेटावर गेलं, शेजाऱ्यांच्या वायफायवर गेलं तरी कुलूप त्याच्याबरोबरच जातं.

भक्कम म्हणजे अभेद्य नव्हे. स्क्रीन टाइम आल्यावर थोड्याच काळात मुलांनी घड्याळ मागे नेऊन वेळ वाढवून घेतला. ॲप काढून पुन्हा बसवलं की मर्यादा विसरली जाते हेही त्यांनीच शोधलं. ही भोकं पुढे बुजवली गेली, दुसरी पडली. २०२३ मध्ये तर पालकांनी घातलेल्या वेळा आपोआप पुसल्या जातात अशा तक्रारी इतक्या आल्या की ॲपलला तसं होत असल्याचं मान्य करावं लागलं. सॉफ्टवेअरमध्ये चुका राहतात, माझ्याही राहतात. माझी तक्रार वेगळी आहे. बँकेच्या ॲपमधलं भोक बुजवायला जी धावपळ होते, ती इथं होत नाही, कारण इथं चोरी झाली तर जातो तो वेळ आणि झोप, आणि तीही मुलाची.

याला अपवाद एकच, पैशांचा. सुरुवातीच्या काळात ॲप स्टोअरवर एकदा पासवर्ड टाकला की पुढची पंधरा मिनिटं तो पुन्हा विचारला जात नसे. आईनं एक खेळ घेऊन दिला की त्या पंधरा मिनिटांत पोरं खेळातली नाणी, हिरे, मासे वाटेल तेवढे विकत घेत, आणि महिनाअखेर क्रेडिट कार्डाचं बिल बघून घरात हलकल्लोळ. फेडरल ट्रेड कमिशन मागे लागलं आणि २०१४ मध्ये ॲपलनं किमान ३ कोटी २५ लाख डॉलर, तर गूगलनं किमान १ कोटी ९० लाख डॉलर पालकांना परत करायचं कबूल केलं. त्याच वर्षीच्या आयओएस ८ मध्ये मुलानं काही घ्यायचं म्हटलं की पालकाच्या फोनवर विचारणा येण्याची सोय आली. ती आजही उत्तम चालते. म्हणजे मनात आणलं तर जमतं.

यूट्यूबवरची एक सोय बघा. २०२१ पासून त्यांनी अठरा वर्षांखालच्या खात्यांना एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होणं मुळातच बंद ठेवलं. छान झालं. पण हे लागू कोणाला? ज्यानं जन्मतारीख खरी सांगितली त्याला. १९९८ चा मुलांच्या खासगीपणाचा कायदा २००० मध्ये अमलात आला; त्यानुसार तेरा वर्षांखालच्या मुलाची माहिती पालकांच्या संमतीशिवाय गोळा करता येत नाही. बऱ्याच कंपन्यांनी यातून सोपी वाट काढली, की तेरा वर्षांखालच्यांनी येऊच नये. मुलांनी त्याहून सोपी काढली, आणि जन्मसाल पाच-सहा वर्षं अलीकडे-पलीकडे केलं. आपल्यातल्या कित्येकांनी 'आता काय करणार, सगळ्या मैत्रिणी आहेत तिथं' म्हणून शेजारी बसून ते करून दिलं आहे. मीही कन्येला ती दहा वर्षांची असताना करून दिलं. परिणाम असा, की ती पंधरा वर्षांची व्हायच्या आत कंपनीच्या दफ्तरी अठरा वर्षांची झाली, आणि तिच्यासाठी बनवलेली प्रत्येक सोय तिच्या वाट्याला येण्याआधीच संपली. माझ्या हातून घडलेल्या चुकांत ही मी वरच्या नंबरात धरतो. जन्मतारीख दुरुस्त करता येते, थोडा त्रास आहे, ओळखपत्र मागतात, पण करता येते. आम्ही केली.

वरच्या नंबरातली पहिली चूक मात्र वेगळी आहे आणि ती लिहायला मला जड जातंय. कन्या चौदा वर्षांची असताना मी पैसे भरून एक टेहळणीचं ॲप तिच्या फोनवर घातलं. ते तिचे निरोप चाळायचं आणि काही शब्द दिसले की मला इशारा पाठवायचं. तिला मी 'सुरक्षिततेचं काहीतरी' असं मोघम सांगितलं होतं. एका संध्याकाळी इशारा आला, निरोपात 'मरणे' या अर्थाचा शब्द. मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, थरथरत्या हातानं अख्खं संभाषण उघडून वाचलं. केमिस्ट्रीच्या परीक्षेबद्दल होतं. पण त्याच संभाषणात पुढं आमच्याबद्दल, आजीबद्दल, वर्गातल्या एका मुलाबद्दल बरंच काही होतं, आणि मी ते वाचलं. घरी जाऊन दोन दिवस गप्प बसलो, तिसऱ्या दिवशी बोलता बोलता तोंडून असं काही गेलं की जे मला माहीत असण्याचं कारणच नव्हतं. ती काही बोलली नाही. उठून खोलीत गेली.

त्यानंतर फोनवरचे तिचे निरोप अगदी निर्मळ झाले. गप्पा कुठं गेल्या ते मला खूप उशिरा कळलं. शाळेनं दिलेल्या क्रोमबुकवर, मैत्रिणींबरोबर एकच दस्तऐवज उघडून त्यात त्या एकमेकींना लिहीत होत्या. क्रोमबुक शाळेचं, त्यावर नियमही शाळेचे. आपल्या घरच्या कुलपाची किल्ली तिथं लागत नाही. त्याच हिवाळ्यात एका खेळातल्या गप्पांच्या खिडकीत कोणीतरी अनोळखी इसम तिच्याकडे फोटो मागत होता. तिनं हे आम्हाला सांगितलं नाही. टेक्ससमधल्या तिच्या मावशीला सांगितलं. मावशीनं आम्हाला. पुढं सगळं निभावलं, तो इसम अडवला गेला, तक्रार नोंदली गेली. पण मावशी नसती तर? सौभाग्यवतींनी मला तेव्हा एकच प्रश्न विचारला, "तुझ्या ॲपनं काय सांगितलं?" ॲपनं काहीच सांगितलं नव्हतं, कारण त्या खेळाच्या आत त्याला दिसतच नव्हतं.

मग मी हा विषय जरा अभ्यासल्यासारखा वाचला. २०१७ मध्ये सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठातल्या पामेला विस्नेव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँड्रॉइडवरची अशी ७५ ॲप तपासली. त्यांतल्या ८९ टक्के सोयी पालकाच्या नियंत्रणासाठी होत्या, म्हणजे अडवणं आणि पाळत ठेवणं. मुलाशी बोलायला मदत करणाऱ्या सोयी दोन टक्क्यांच्या आसपास. २०२० च्या आणखी एका अभ्यासात अशी ४६ ॲप उघडून पाहिली गेली; ७२ टक्के ॲप मुलांची माहिती तिसऱ्यालाच देत होती, आणि त्या तिसऱ्याचा उल्लेख त्यांच्या धोरणात नव्हता. म्हणजे मुलीचे निरोप वाचणारा मी एकटाच होतो याचीही खात्री नाही.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण मला फार शिकवणारं वाटतं. २०२१ च्या अखेरीस ॲपलनं अशी सोय आणली, की मुलाच्या फोनवर नग्न चित्र आलं किंवा ते पाठवू लागलं तर फोन स्वतःच ते ओळखतो, चित्र धूसर करतो, आणि मुलाला विचारतो, बघायचं नक्की आहे का? मोठ्या माणसाला सांगू का? ओळखण्याचं काम फोनच्या आतच होतं, चित्र कंपनीकडे जात नाही. मूळ बेत लहान मुलांच्या बाबतीत पालकाला परस्पर कळवायचा होता. ज्या घरात पालकच धोका असतात त्या घराचं काय, असं टीकाकारांनी विचारल्यावर तो भाग गाळला. सांगायचं की नाही हे मुलाच्या हातात, पण सांगण्याचं बटण अगदी समोर. माझी मुलगी त्या खेळाच्या खिडकीत असताना असं एक बटण तिच्यासमोर असतं तर कदाचित मावशीचा नंबर दुसरा लागला असता.

हे सगळं ओझं आई-वडिलांच्याच डोक्यावर का आलं, यालाही या देशात इतिहास आहे. १९९६ मध्ये काँग्रेसनं इंटरनेटवरचं असभ्य लिखाण मुलांपर्यंत पोचवणं गुन्हा ठरवलं. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कलमं अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आड येतात म्हणून रद्द केली, आणि त्याच्या कारणांत एक असं होतं, की पालकांना स्वतः वापरता येईल अशी गाळणीची सॉफ्टवेअर हा कमी जाचक मार्ग आहे. तेव्हापासून हे काम आपल्याकडे. टेलिव्हिजनचंही असंच झालं होतं. जानेवारी २००० पासून इथं विकल्या जाणाऱ्या तेरा इंची आणि त्याहून मोठ्या प्रत्येक संचात कार्यक्रम अडवणारी चिप सक्तीची झाली, आणि ती फार थोड्या घरांत वापरली गेली. वारं आता फिरतंय. २०२५ मध्ये युटा राज्यानं ॲपच्या दुकानांनीच वय तपासावं असा कायदा केला. त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयानं अश्लील संकेतस्थळांवर वय तपासण्याचा टेक्ससचा कायदा उचलून धरला. आणि ऑस्ट्रेलियानं डिसेंबरात सोळा वर्षांखालच्यांना समाजमाध्यमांची खाती बंद केली. मला यातला काही भाग पटतो, पण शंभर ठिकाणी शंभर ओळखपत्रं दाखवत फिरणं मला कुलपापेक्षा धोक्याचं वाटतं. फोनला मुलाचं वय एकदा कळावं आणि त्यानं ॲपला फक्त 'तेरा ते पंधरा' एवढंच सांगावं, जन्मतारीख नव्हे, हा मार्ग बरा. ॲपलनं २०२५ मध्ये त्या दिशेनं सोय केली आहे.

सुधारणा कुठं हवी असं मला कोणी विचारलंच, तर मी आधी वेळ संपण्याच्या क्षणाकडे बोट दाखवीन. आपल्या घरातली निम्मी भांडणं त्या क्षणी होतात. सध्या काय होतं, तर नेमक्या सेकंदाला पडदा पडतो, मग खेळाची पातळी शेवटच्या टप्प्यात असो की गोष्टीचं शेवटचं वाक्य असो. मग 'अजून एक मिनिट' नावाचं बटण, मग पालकाकडे अर्ज. मी मीटिंगमध्ये असतो, फोन थरथरतो, मी न बघता पंधरा मिनिटं मंजूर करतो. तीनदा असं झालं की मर्यादा तासाची नसून पावणेदोन तासांची आहे हे मुलाला बरोबर कळतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या घरांचा अभ्यास केला. भाग संपला, खेळ संपला अशा नैसर्गिक थांब्यावर मुलं सहज उठतात, आणि 'दोन मिनिटं उरली हं' ही आपली सूचना उलट त्रास वाढवते, असं त्यांना आढळलं. मुलं लहान होती, पण माझ्या अकरा वर्षांच्या चिरंजीवालाही ते तंतोतंत लागू आहे. थांबा कुठं आहे हे ॲपला माहीत असतं, वेळ किती उरला हे फोनला. दोघांनी एकमेकांशी बोलायचं, की बाबा रे, चार मिनिटं उरलीत, नवी पातळी सुरू करू नकोस. अभियंत्याच्या दृष्टीनं हे काही कठीण काम नाही. पण ॲपवाल्याचा धंदा नवी पातळी सुरू करण्यावर चालतो, तेव्हा कायद्यानं किंवा दुकानाच्या नियमानं भाग पाडल्याशिवाय तो का बोलेल?

दुसरं, कुलूप मुलाबरोबर मोठं व्हायला हवं. न्यू जर्सीत सोळाव्या वर्षी गाडी शिकायचा परवाना मिळतो, सतराव्या वर्षी अटींचा, आणि अठराव्या वर्षी पुरा. अटींच्या वर्षात रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही, नंबरप्लेटवर लाल चिठ्ठी लावायची. सगळ्यांना पायऱ्या ठाऊक असतात, त्यामुळे भांडण होत नाही. फोनमध्ये अशा पायऱ्या आपल्यालाच शेकडो बटणांतून बांधाव्या लागतात. पालकाला 'हे अकरा वर्षांचं मूल आहे' एवढं सांगून बाराव्या वाढदिवसाला काय सुटेल हे मुलाला आधीच दिसेल अशी व्यवस्था का नसावी?

आणि एक आपल्यासारख्यांची अडचण. ॲपलच्या फोनमध्ये मुलानं कोणाशी बोलावं याची यादी करता येते, पण ती त्यांच्याच फोन-निरोपांच्या सोयींना लागते. आमची पुण्याची आजी व्हॉट्सॲपवर. फोनच्या लेखी आजी आणि व्हॉट्सॲपवरचे बाकीचे सगळे एकच. त्यातून उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक आणि हिवाळ्यात साडेदहा. आमची सकाळ ती तिची संध्याकाळ, तेव्हा शाळेच्या आधीचा बंद काळ नेमका आजीच्या फोनवर पडतो. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेनं २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या बाळांना पडदा नको असं सांगताना व्हिडिओवरच्या भेटींना मुद्दाम सूट दिली. तेव्हा त्यांच्या मनात आपल्या आजी-आजोबांसारखीच माणसं असणार. कुलूप बनवणाऱ्यांच्या मनात ती अजून यायची आहेत. आम्ही शेवटी आजीसाठी एक जुना टॅबलेट स्वयंपाकघरात ठेवला, त्याच्यावर दुसरं काही नाही आणि त्याला कुलूपही नाही.

पुण्याला गेल्यावर मात्र सगळंच ओम फट् स्वाहा. भारताच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालचा प्रत्येक जण बालक आहे, पण आजीच्या फोनला हे कोण सांगणार? गेल्या उन्हाळ्यात चिरंजीव सकाळी सहापासून तिच्या अंथरुणात फोन घेऊन बसलेला. मी काही बोललो तर आई म्हणाली, "चार दिवस आलाय, राहू दे रे." पाचव्या दिवशी फोन दिसेना. तिनं तो तांदळाच्या डब्यात ठेवला होता, आणि दोघं मिळून पत्ते खेळत होते.

आमच्या घरात सध्या असं चालतं. राउटरवर १.१.१.३ आणि अनोळखी यंत्राला मज्जाव. दोन्ही मुलांची खाती खऱ्या वयाची. टेहळणीचं ॲप काढलं, मुलीसमोर काढलं. तिच्या फोनवर वेळेची मर्यादा नाही, पण रात्री साडेदहाला सगळ्यांचे फोन दिवाणखान्यातल्या चार्जरवर, माझाही. माझा फोन तिथं ठेवणं हेच सर्वांत अवघड गेलं, कारण बंगलोरची टीम तेव्हाच जागी होत असते. चिरंजीवांचा तास आता तासाचा नाही. दोन भाग किंवा तीन पातळ्या, आणि मोजणार तो. लबाडी करतो का? करतो कधीमधी. कुलपात नवं भोक सापडलं तर ते मला दाखवायचं आणि बदल्यात शनिवारी एक तास जादा, असा करार आहे. मोठ्या कंपन्या बाहेरच्या लोकांना अशी बक्षिसं देतात, मग घरी का नको? आतापर्यंत त्यानं चार तास कमावलेत. पासकोड सौभाग्यवतींकडे आहे आणि त्या खिडकीकडे पाठ करून उभ्या राहत नाहीत.

तेव्हा वहिनी, यंदाची तालीम सुरू झाली की पहिल्याच शनिवारी टॅबलेट घेऊन या. राउटरचा पासवर्ड आणि धाकट्याची खरी जन्मतारीखही आणा. आणि त्यालाही माझ्या शेजारी बसवा. त्यानं ते दोन दिवसांत कसं उघडलं होतं, ते मला आधी ऐकायचं आहे.